दोन तारखा सापडल्या, तर मधलं अंतर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकांना रोज परिपाठासाठी फळ्यावर दिनविशेष लिहावा लागतो. मोबाइलवर शोधलं की एकेका दिवसाला वीस-पंचवीस घटना येतात आणि एकाच घटनेच्या दोन-दोन तारखा दिसतात. पोरं विचारतात, "सर, एकाच दिवशी एवढं सगळं कसं काय घडलं?" सहावीतल्या एका मुलीचा वाढदिवस २९ फेब्रुवारीचा आहे, तिच्या दिवशी काय लिहायचं तेही सुचत नाही. तर खरी तारीख ओळखायची कशी, आणि फळ्यावर घ्यायचं काय?

सर, मी सव्वीस वर्षं दिनविशेष लिहितोय. आधी एका दैनिकात रोजचं सदर होतं, पुढं दिनदर्शिकांसाठी टिपणं करू लागलो. घरी लोखंडी कपाटात ३६६ पाकिटं आहेत, दिवसाला एक. काही वाचलं की चिठ्ठी लिहून त्या त्या पाकिटात टाकायची, हा नेम. काही पाकिटं फुगून फाटायला आलीत, काहींत जेमतेम पाच-सहा चिठ्ठ्या आहेत. त्यामुळे तुमची अडचण मला घरच्यासारखी ओळखीची आहे.

तुम्ही विचारलंत, दोन तारखांपैकी खरी कोणती. माझा अनुभव असा की बऱ्याचदा दोन्ही खऱ्या असतात, फक्त वेगवेगळ्या मापानं मोजलेल्या असतात. म्हणून दोन तारखा समोर आल्या की मी कोणतीच खोडत नाही, आधी त्यांच्यातलं अंतर मोजतो. दहा किंवा अकरा दिवसांचं अंतर असेल तर बहुधा कालगणना बदललेली असते. एकाच दिवसाचं असेल तर घड्याळाचा प्रश्न असतो, किंवा घटनेतला कोणता क्षण धरायचा याचा. जानेवारी ते मार्च या महिन्यांत बरोबर एका वर्षाचा फरक असेल तर जुन्या इंग्रजी कागदांचा नववर्षदिन आठवायचा. आणि दोन-तीन वर्षांचा फरक असेल तर तिथं खरा वाद आहे, पुरावे काढून बसावं लागतं.

आता हे एकेक करून सांगतो, कारण नुसत्या नियमानं मुलांना काही समजावता येणार नाही.

दहा-अकरा दिवसांपासून सुरू करू. युरोपात आधी ज्युलियन कालगणना होती. तिचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा अकरा-एक मिनिटांनी मोठं होतं, आणि शतकं उलटता उलटता ती मिनिटं साचून दहा दिवस झाले. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावा यांनी ते दहा दिवस काढून टाकले. गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी हे लगेच मानलं. इंग्लंडनं मानलं नाही, ते १७५२ पर्यंत जुन्याच कालगणनेनं चाललं. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून तिथं बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला.

इथं एक गोष्ट नीट बघा. तारखा गळाल्या, पण वार एकही गळाला नाही. गुरुवारनंतर शुक्रवारच आला, बुधवारनंतर गुरुवारच. म्हणून माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर तारखेच्या आधी वार लिहिलेला असतो. तारीख कोणत्या मापातली आहे हे वार सांगतो. तुम्हाला यातली एक चिठ्ठी उघडून दाखवतो.

१९ फेब्रुवारीचं पाकीट. शिवाजी महाराजांचा जन्म. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्यातल्या तिथी-वारांसकट ठेवलेल्या जुन्या नोंदींत, नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. आता आजचंच कॅलेंडर मागे मागे मोजत १६३० पर्यंत न्या. १९ फेब्रुवारीला वार येतो मंगळवार. शकावली शुक्रवार म्हणते. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन कालगणनेतली तारीख आहे. त्यात दहा दिवस मिळवले की आजच्या हिशेबानं १ मार्च १६३० येतो, आणि त्या दिवशी बरोबर शुक्रवार आहे. चंद्राची कला मोजून बघितली तर तीही त्या दिवशी वद्य तृतीयेचीच भरते. पहिल्यांदा हे गणित कागदावर जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी बायकोला उठवून ते दाखवलं होतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेला एक शुक्रवार आपल्या घरात, आपल्या हातानं खरा ठरतो, याचा आनंद मला अजून पुरतो.

म्हणून जयंती १ मार्चला करा असं मी म्हणत नाही. राज्य शासनानं १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारलेली आहे, शासनाच्या परिपत्रकात तीच असते आणि शाळेत तीच पाळायची. तिथीप्रमाणे जयंती करणारे फाल्गुन वद्य तृतीया धरतात, तेही रास्तच आहे. पण याच १९ फेब्रुवारीच्या पाकिटात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाचीही चिठ्ठी आहे, १९१५ सालची. या दोन चिठ्ठ्या एका पाकिटात असल्या, तरी सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या फेरीत त्या एका जागी नाहीत. दोघींमध्ये दहा दिवसांचं अंतर आहे. सहावी-सातवीच्या मुलांना हे सांगून बघा, त्यांना ते फार आवडतं.

आपल्याकडे या फरकाला आणखी एक पदर आहे. शिवकाळात सुरत-मुंबईचे इंग्रज जुन्या कालगणनेनं लिहीत होते आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, एकाच सकाळी, मुंबईच्या पत्रावर ६ तारीख पडायची आणि गोव्याच्या पत्रावर १६. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजी मापातली आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता. त्याच दिवशी गोव्यात कोणी पत्र लिहिलं असतं तर त्यावर १६ जून असती. पुढं वसईच्या शरणागतीच्या कलमांची पोर्तुगीज तारीख १६ मे १७३९ आहे, जुन्या इंग्रजी मापानं तोच दिवस ५ मे होतो. फरक आता अकरा दिवसांचा झाला, कारण १७०० साल जुन्या गणनेत लीप होतं आणि नव्या गणनेत नव्हतं.

परदेशातली उदाहरणं भराभर सांगतो. शेक्सपियर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इंग्लंड जुन्या मापात, स्पेन नव्या मापात, म्हणून दोघांत दहा दिवसांचं अंतर आहे. शिवाय सर्व्हान्टिस आदल्या दिवशी वारला आणि २३ ला त्याचं दफन झालं असं मानतात. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला हेही असंच आहे. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा जन्मदिवस नव्या मापानं ४ जानेवारी १६४३ होतो. रशियातली ऑक्टोबर क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ ची, पण ती साजरी व्हायची ७ नोव्हेंबरला. तोवर अंतर तेरा दिवसांवर गेलं होतं.

एका वर्षाचा फरक लवकर उरकतो. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण त्या वेळच्या इंग्रजी कागदांत साल १६६३ दिसतं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या घटनांत एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एका दिवसाचा फरक मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या अगदी जवळच्या घटनांत येतो आणि लोक तिथंच सगळ्यात जास्त भांडतात.

आपला जुना दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. मध्यरात्र ते पहाट या सहा तासांत जे घडतं, त्याचा वार दोन्हीकडे वेगळा पडतो. राज्याभिषेकाचंच बघा. जेधे शकावली म्हणते, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी होता. इंग्रजी हिशेबात तेव्हा शनिवार उजाडलेला होता, पंचांगाच्या हिशेबात अजून शुक्रवारचीच रात्र चालू होती. तिथीचंही तसंच. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती, ती दुपारी संपली आणि त्रयोदशी लागली, म्हणून सोहळा आपण त्रयोदशीला करतो. द्वादशी की त्रयोदशी, शुक्रवार की शनिवार, यावर मी लोकांना तावातावानं बोलताना ऐकलंय. सगळे एकाच पहाटेबद्दल बोलत असतात.

१ ऑगस्ट १९२० चंही असंच. लोकमान्य मुंबईच्या सरदारगृहात गेले ते रात्री बाराच्या पुढं, बारा चाळीसच्या सुमारास. तारीख १ ऑगस्ट, रविवार लागून पाऊण तासही झाला नव्हता. पंचांगाप्रमाणे ती शनिवारची रात्र. आणि त्याच १ ऑगस्ट १९२० ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. साल तेच, दिवस तोच. त्याच दिवशी असहकाराची चळवळही सुरू झाली. माझ्या ३६६ पाकिटांत महाराष्ट्रापुरतं सगळ्यात जड पाकीट मला हेच वाटतं. या दिवशी फळ्यावर दुसरं काहीही लिहू नका. दोन माणसं पुरेत: एक जाताना, एक येताना. आणि मुलांना दोघांच्याही घरची परिस्थिती, दोघांचंही लेखन सांगा.

आता घड्याळ. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून गावं उशिरा झोपली होती. पण आंतरराष्ट्रीय यादीत हाच भूकंप २९ सप्टेंबरला सापडतो, कारण तिथली वेळ ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथं तेव्हा रात्रीचे साडेदहाही वाजले नव्हते. कोयनेचा भूकंप आपल्याला ११ डिसेंबर १९६७ चा माहीत आहे, पहाटे ४.२१ चा. त्या यादीत तो १० डिसेंबरचा. चंद्रावरचं पहिलं पाऊल अमेरिकेत २० जुलै १९६९ च्या रात्री पडलं, आपल्याकडे २१ तारखेची सकाळ, साधारण साडेआठ. मी नियम असा ठेवलाय की घटना जिथं घडली तिथल्या घड्याळाची तारीख धरायची. किल्लारीला ३० सप्टेंबरच. तिथली माणसं ज्या पहाटे गेली, ती पहाट ३० तारखेची होती. चंद्राला स्वतःचं घड्याळ नाही, तिथं मी दोन्ही तारखा लिहितो.

आणि क्षणाचा प्रश्न. 'छोडो भारत'चा ठराव ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँक मैदानावर झाला, धरपकड ९ ऑगस्टच्या पहाटे, क्रांतिदिन आपण ९ चा मानतो. हैदराबादच्या निजामानं १७ सप्टेंबर १९४८ ला माघार जाहीर केली, त्याच्या फौजेची रीतसर शरणागती दुसऱ्या दिवशी. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ चा. यात चूक-बरोबर नसतं. समाजानं कोणता क्षण मनात धरला ते दिसतं, आणि दिनविशेष लिहिणाऱ्यानं त्याचा मान ठेवावा. फक्त वाक्य नेमकं हवं. "ठराव झाला" लिहायचं तर ८, "चळवळ पेटली" लिहायचं तर ९. माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्तीच्या पत्रांपैकी निम्मी अशी असतात, की तारीख बरोबर असते आणि क्रियापद चुकलेलं असतं.

माझ्या हातून झालेली एक मोठी चूक इथंच सांगतो, कारण ती तुमच्याही फळ्यावर येऊ शकते. सदर सुरू करून तीन वर्षं झाली होती. १४ जानेवारीला मी लिहिलं, "१७६१: मकर संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली." वाक्य मला फार जमलेलं वाटलं होतं. आठवड्याभरानं एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. बारीक, सुंदर अक्षर. त्यांनी एवढंच विचारलं होतं: स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. मग त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल?

मी दोन दिवस त्यावर बसलो. आपल्या पंचांगातलं सौर वर्ष नक्षत्रांवर मोजलेलं, इंग्रजी वर्ष ऋतूंवर. नक्षत्रांचं वर्ष साधारण वीस मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं दरसाल साचली की सत्तर-बहात्तर वर्षांत एक पूर्ण दिवस होतो, म्हणून संक्रांत तेवढ्या वर्षांत एक तारीख पुढं सरकते. हल्ली ती काही वर्षी १५ ला येते ते यामुळेच. मागे जायचं तर १८६३ ला १२ तारीख, त्याआधी शंभर वर्षं म्हणजे आणखी दीडेक दिवस मागे. १७६१ ची संक्रांत दहा-अकरा जानेवारीच्या सुमारास येऊन गेलेली होती. पानिपतचा दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी, एवढं पक्कं. इंग्रजांनी नवी कालगणना १७५२ लाच घेतलेली असल्यामुळे ही तारीख आजच्याच मापातली आहे, दहा-अकरा दिवसांचा घोळ इथं नाही. फक्त संक्रांत तिथं नव्हती. ती नंतर आपल्या भाषेनं आणि कॅलेंडरनं मिळून त्या दिवसावर आणून बसवली. मी त्या गुरुजींना उत्तर लिहिलं, सदरात दुरुस्ती छापली, आणि ते पोस्टकार्ड १४ जानेवारीच्या पाकिटात ठेवलं. अजून तिथंच आहे.

या प्रसंगानंतर मी एकाच दिवसाच्या घटनांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. काही घटना एका तारखेवर कोणीतरी ठरवून आणलेल्या असतात, काही योगायोगानं येतात, आणि काही लोकांच्या बोलण्यातून तिथं ढकलल्या जातात. मुलांच्या "एवढं सगळं एकाच दिवशी कसं" या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

ठरवून आणलेल्याचा उत्तम दाखला २६ जानेवारी. लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि १९३० च्या जानेवारीतला शेवटचा रविवार स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचं ठरलं. तो रविवार २६ तारखेचा. पुढं देशानं संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं होतं, पण अंमल सुरू करायला दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० हा दिवस मुद्दाम निवडला, त्या जुन्या रविवारची आठवण म्हणून. इथं एकाच तारखेवरच्या दोन घटनांमध्ये दोरी बांधलेली आहे, आणि ती दोरी मुलांना दाखवण्यासारखी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६ निवडला, कारण त्या दिवशी विजयादशमी होती, अशोक विजयादशमी. म्हणून दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही माणसं येतात आणि १४ ऑक्टोबरलाही. दोन्ही दिवस त्याच एका सकाळचे आहेत.

मात्र २६ जानेवारीलाच, २००१ साली, भूजचा भूकंपही झाला. त्याचा प्रजासत्ताक दिनाशी काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग. योगायोग किती सहज घडतो हे वर्गातच दाखवता येतं. हजेरीपट घ्या. वर्गात तेवीस मुलं असतील, तर कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. चाळीस मुलं असतील तर शंभरात जवळजवळ नव्वद. आता इतिहासातल्या हजारो घटना ३६६ खणांत टाका. रिकामा खण सापडला तरच नवल.

फक्त हजेरीपटात १ जून किती वेळा आलाय ते बघून मग हा प्रयोग करा. हल्लीच्या मुलांकडे जन्मदाखले असतात, पण त्यांच्या आजोबांच्या पिढीत दाखल करताना गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" आई सांगायची, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लई पाऊस होता त्या साली." मग गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकायचे. माझ्या वडिलांचाही कागदावरचा जन्मदिवस १ जूनच. आजी मात्र दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. तारीख कागदावर आली म्हणून खरी, असं मी कधी मानत नाही ते यामुळे. कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, त्याला कशासाठी हवा होता, हे विचारावंच लागतं.

दोन-तीन वर्षांचे वाद या प्रकारात मोडतात. महाराजांच्या जन्माचं एक जुनं साल १६२७ चं आहे, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. ते आणि १६३० यांतला फरक कोणत्याही कालगणनेनं मिटत नाही. तिथं कोणता कागद घटनेच्या जवळचा, कोणाच्या नोंदी इतर ठिकाणी ताडून बघता येतात, हेच बघावं लागतं. शकावलीचं पारडं जड ठरलं ते तिच्यातल्या तिथी-वार-नक्षत्रांमुळे. त्या गणितानं ताडता येतात. तुमच्यापुढं असा वाद आला आणि वेळ नसेल, तर तो दिवस सोडून द्या. मीही सोडतो. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, ते पक्कं. बाळशास्त्री जांभेकरांचा जन्मही ६ जानेवारीचाच असं फिरत असतं, त्यावर मतभेद आहेत. मी त्या दिवशी 'दर्पण' लिहितो आणि थांबतो.

तिसरा प्रकार, ढकलून बसवलेल्या घटनांचा, मोबाइलमुळे फार वाढलाय. दरवर्षी १४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना याच दिवशी फाशी झाली, किंवा शिक्षा सुनावली, असा मजकूर फिरतो. शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० ला सुनावली गेली. फाशी ठरली होती २४ मार्च १९३१ ला, पण लाहोरच्या तुरुंगात ती आदल्याच संध्याकाळी, २३ मार्चला दिली गेली. राजगुरू आपल्या खेडचे. त्यांच्या मृत्यूची तारीख आपल्या शाळेच्या फळ्यावर चुकू नये, एवढं तरी आपण करायलाच हवं. कोणीतरी १४ फेब्रुवारीला दुसरं काही साजरं करतंय म्हणून त्यांचा मृत्यू तिकडं नेऊन ठेवणं मला अजिबात सहन होत नाही.

आता निवडीचं. हे शाळेवर, गावावर, वर्गाच्या वयावर अवलंबून आहे, त्यामुळे माझा रिवाज तुम्हाला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. माझ्या मते फळ्यावर एका दिवशी दोन घटना पुष्कळ झाल्या. एक अशी, की जिचा धागा मुलांच्या जिल्ह्यापर्यंत येतो. दुसरी लांबची, पण गोष्ट असलेली. ४ जुलै १८२६ ही माझी आवडती: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, त्या जाहीरनाम्यामागचे दोन माणूस, काही तासांच्या अंतरानं गेले. पुढं १८३१ साली जेम्स मन्रो हे आणखी एक माजी राष्ट्राध्यक्षही ४ जुलैलाच वारले. अशा गोष्टीनं वर्ग शांत होतो. जयंती आणि पुण्यतिथीच्या नुसत्या नावांच्या माळेनं होत नाही. शासनाच्या परिपत्रकातला दिवस असेल तर तो आधी घ्या, मग उरलेल्या जागेत हे.

चिठ्ठी कशी करायची तेही सांगून ठेवतो. वर वार. त्याखाली तारीख, आणि १७५२ च्या आधीची असेल तर "जुनी" किंवा "नवी" असा शब्द. तिथी मिळाली तर तिथी. घटना नेमकी कोणत्या क्रियापदानं सांगायची, ते एका ओळीत. आणि मागच्या बाजूला, ही माहिती कुठं वाचली. मागची बाजू कोरी असेल तर ती चिठ्ठी मी फळ्यावर जाऊ देत नाही, मग ती कितीही चांगली असो. सातवीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा काळजीपूर्वक करतात, असा माझा दोन शाळांमधला अनुभव आहे. रोज एकाच्या हातात एक पाकीट द्या.

राहिली तुमची २९ फेब्रुवारीची मुलगी. माझं ते पाकीट बारीक आहे, पण त्यात एक सुंदर जोडी आहे. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, पुढं देशाचे पंतप्रधान. आता तिला विचारा, त्यांचा पहिला वाढदिवस कधी आला असेल? ती चटकन १९०० म्हणेल. पण नव्या कालगणनेत शंभरानं भाग जाणारं वर्ष चारशेनं भागलं गेलं तरच लीप असतं. त्या एका नियमानंच तर पुढचे दहा-अकरा दिवस साचायचे थांबले. १९०० साल लीप नव्हतं. मोरारजींना पहिला वाढदिवस मिळाला तो आठव्या वर्षी, २९ फेब्रुवारी १९०४ ला, आणि नेमक्या त्याच दिवशी मदुरैत रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या, ज्यांनी पुढं भरतनाट्यमला मोठ्या रंगमंचावर आणलं. त्या दिवशी फळ्यावर या दोघांची नावं लिहा, आणि खाली तिसरं, तिचं.